थकबाकीचा आकडा आणि त्यावर उभे राहिलेले अंदाजपत्रक

मार्च उजाडला की ठाण्यात प्रभाग समित्यांच्या करसंकलन केंद्रांच्या खिडक्या सुट्टीच्या दिवशीही उघड्या राहतात, रिक्षावर बांधलेल्या भोंग्यातून गल्लोगल्ली आवाहन फिरते आणि वर्तमानपत्रात मालमत्ता कराच्या थकबाकीचा एक मोठा आकडा छापून येतो. खाडीपलीकडच्या नवी मुंबईतही याहून वेगळे चित्र नसते. हा आकडा वाचून नियमित कर भरणारा माणूस चिडतो, कारण आपण रांगेत उभे राहून पैसे भरतो आणि दुसरे कोणी बिनधास्त बुडवते असे त्याला वाटते. प्रशासनालाही हा राग सोयीचा असतो, कारण शहरातील अर्धवट रस्त्यांचे आणि रखडलेल्या नाल्यांचे खापर मग आपोआप थकबाकीदारांच्या माथी फुटते. माझे म्हणणे असे आहे की या आकड्याकडे आपण चुकीच्या बाजूने पाहतो. थकबाकी किती हा प्रश्न दुय्यम आहे. त्या थकबाकीत नेमके काय भरलेले आहे आणि तिच्या भरवशावर महापालिका किती खर्च मंजूर करून बसते, हा खरा प्रश्न आहे. थकलेला कर आणि थकलेली ठेकेदारांची देयके ही एकाच हिशेबाची दोन पाने आहेत आणि आपल्याला दरवर्षी त्यातले एकच पान दाखवले जाते.

मालमत्ता कराला आज एवढे महत्त्व का आले, हे आधी पाहिले पाहिजे. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी आणि नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली, तेव्हा महापालिकांचा मोठा आधार शहरात येणाऱ्या मालावरील वसुलीचा होता. ठाण्यात जकात होती, नवी मुंबईत उपकर होता. २०१३ मध्ये दोन्ही शहरांत त्यांची जागा स्थानिक संस्था कराने घेतली. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर तोही संपला. त्या बदल्यात राज्य सरकार महापालिकांना भरपाईचे अनुदान देते आणि त्यात दरवर्षी ८ टक्के वाढ करण्याची तरतूद राज्याच्या २०१७ च्या कायद्यात आहे. अनुदान येते हे खरे, पण ज्या पैशाचा दर आपण ठरवत नाही आणि ज्याची वसुली आपण करत नाही, तो पैसा आपला म्हणता येत नाही. शहराने स्वतः आकारावा आणि स्वतः वसूल करावा असा भरवशाचा कर एकच उरला, तो मालमत्ता कर. विकास शुल्क आणि जादा बांधकामासाठी आकारल्या जाणाऱ्या चटईक्षेत्राच्या अधिमूल्यातूनही पैसा येतो, परंतु तो बांधकाम व्यवसायाच्या भरती-ओहोटीवर चालतो. आणि एकदाच मिळणाऱ्या पैशावर दरमहाचे पगार आणि दररोजची कचरागाडी चालवणे हा शहाणपणा नाही.

आता थकबाकीचे पोट उघडून पाहू. त्यात सर्वप्रथम दिसते ती शास्ती. कर वेळेत न भरल्यास दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. मूळ कर एक लाखाचा असेल आणि तो पाच वर्षे थकला असेल, तर शास्तीचीच रक्कम १ लाख २० हजार होते आणि वर्तमानपत्रात थकबाकी म्हणून २ लाख २० हजारांचा आकडा जातो. म्हणजे जुनी थकबाकी जितकी जुनी, तितकी ती न भरणाऱ्यापेक्षा कॅलेंडरच्या जोरावर वाढते. त्यात अनधिकृत बांधकामांची शास्ती वेगळी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ प्रमाणे अशा बांधकामाला मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लागते. मुंब्रा, दिवा, कळवा या भागांत किंवा नवी मुंबईच्या गावठाणांत, जिथे प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी घरे बांधली आणि त्यांच्या नियमितीकरणाचे निर्णय सरकारी दप्तरात वर्षानुवर्षे फिरत राहिले, तिथे ही शास्ती कागदावर लावणे सोपे आणि वसूल करणे जवळपास अशक्य आहे, हे तिथल्या कोणत्याही कर निरीक्षकाला ठाऊक असते.

त्याखालचा थर वादांचा आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहतीत महापालिकेने कर आकारावा की नाही, या वादात उद्योजक न्यायालयात गेले आणि तो वाद वर्षानुवर्षे चालला. मोबाइल मनोऱ्यांवर मालमत्ता कर लागतो की नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट करीपर्यंत तीही रक्कम अधांतरी होती. केंद्र सरकारच्या मालमत्तांना तर संविधानाच्या अनुच्छेद २८५ चे संरक्षण आहे. त्यांच्याकडून कर मागता येत नाही, सेवाशुल्क मागता येते आणि ते शहराच्या कोणत्या सेवा वापरल्या जातात त्यानुसार कराच्या ३३.३३, ५० किंवा ७५ टक्के असावे, असे २००९ मध्ये राजकोट महापालिकेच्या प्रकरणात ठरले. न्यायालयात अडकलेली रक्कम आणि नौपाड्यातील एखाद्या गाळेमालकाने आळसाने न भरलेली रक्कम एकाच बेरजेत टाकली, की त्या बेरजेला काही अर्थ राहत नाही.

आणि सर्वांत खाली आहे तो गाळ. माझ्या मावसभावाच्या सोसायटीची गोष्ट सांगतो. शहराचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण ही गोष्ट कुठेही घडू शकते. त्यांची जुनी चाळ पाडून तिथे सात मजली इमारत झाली, इमारतीची नवी आकारणी झाली आणि सर्व सदनिकाधारक नियमाने कर भरू लागले. चार वर्षांनी चाळीतल्या ‘खोली क्रमांक ११’च्या नावाने अटकावणीची, म्हणजे जप्तीची, नोटीस आली. जिथे ती खोली होती तिथे आता विजेच्या मीटरची खोली आहे. चाळ पडली तरी चाळीची बिले निघतच होती आणि त्यावर शास्तीही चढत होती. सोसायटीचा सचिव या नात्याने मावसभाऊ पाडकामाची परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र घेऊन सहा महिने खेटे घालत होता. शेवटी एका वयस्कर लिपिकाने त्याला आतली गोष्ट सांगितली : ‘साहेब, नोंद काढायला काही नाही, पण नोंद काढली की कराची मागणी कमी होते आणि मागणी कमी केली की वरून विचारणा होते. वाढवली तर कोणी विचारत नाही.’

मला हे वाक्य करप्रशासनाविषयीच्या अनेक अहवालांहून अधिक उपयोगी वाटते. वसूल न होणारी रक्कम निर्लेखित करण्याची, म्हणजे हिशेबातून काढून टाकण्याची, सोय कायद्यात आहे, त्यासाठी स्थायी समितीची मान्यता घेता येते. परंतु निर्लेखन म्हणजे कोणाला तरी फायदा करून दिला, असा संशय घेण्याची आपली रीत असल्यामुळे कोणताही अधिकारी त्या वाटेला जात नाही. मृत बिले जिवंत राहतात, दरवर्षी शास्ती खाऊन गलेलठ्ठ होतात आणि शहराची येणे रक्कम म्हणून मिरवली जातात.

हे सर्व केवळ हिशेबनिसांचे दुखणे असते, तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. दुखणे पुढे सरकते ते अंदाजपत्रकात. २०२५-२६ साठी ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांची अंदाजपत्रके साडेपाच हजार कोटींच्या पुढे गेली. अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला मालमत्ता कराचे जे उद्दिष्ट धरले जाते, त्यात चालू मागणीबरोबर थकबाकीच्या वसुलीचा अंदाजही मिसळलेला असतो आणि त्या जमेच्या आधारावर खर्चाच्या बाजूला कामे बसवली जातात. लेखाशीर्षात तरतूद दिसली की प्रशासकीय मान्यता मिळते, निविदा निघते, कार्यादेश दिला जातो, रस्ता खोदला जातो. जमा झालेले पैसे अंदाजाएवढे नसतात हे डिसेंबरात सुधारित अंदाज करताना कळते. तोपर्यंत ठेकेदाराचे काम निम्मे झालेले असते. मग त्याचे देयक पुढच्या वर्षावर ढकलले जाते. यालाच महापालिकेच्या भाषेत दायित्व म्हणतात आणि ठाण्याचे नागरिक हा शब्द गेली काही वर्षे वारंवार ऐकत आहेत.

‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ ही म्हण आपल्या आजोबांनी वाण्याच्या दुकानात शिकली, ती महापालिकेच्या निविदेलाही लागू पडते. देयक दीड-दोन वर्षांनी मिळणार हे ठाऊक असलेला ठेकेदार त्या काळाचे व्याज दरात धरूनच निविदा भरतो. ज्याला बँकेकडून खेळते भांडवल मिळत नाही, असा लहान आणि कदाचित अधिक प्रामाणिक ठेकेदार निविदेच्या वाटेला फिरकत नाही. उरतात ते मोजके मोठे, ज्यांना थांबणे परवडते आणि ज्यांना थांबण्याची किंमत वसूल करणेही जमते. म्हणून महापालिकेच्या कामाचा दर खाजगी कामापेक्षा जास्त का असतो, या प्रश्नाचे उत्तर दर वेळी टक्केवारीतच शोधण्याचे कारण नाही. टक्केवारी असेलही, पण फुगवलेली जमा हे त्याचे सर्वांसमोर उघडे पडलेले आणि म्हणूनच दुर्लक्षित कारण आहे. जो कर न भरणाऱ्याला महापालिका थकबाकीदार म्हणते, त्याच्याइतकीच तीही थकबाकीदार आहे. फरक एवढाच की तिच्या दारात कोणी भोंगा लावलेली रिक्षा पाठवत नाही.

मग येते अभय योजना. ठाण्यात आणि नवी मुंबईत शास्तीत सवलत देणाऱ्या अशा योजना पुन्हा पुन्हा आल्या आहेत, मुदतवाढीसह आल्या आहेत. योजनेच्या बाजूने प्रशासन जे सांगते त्यात तथ्य आहे : मूळ रक्कम अडकून पडण्यापेक्षा शास्ती सोडून ती हाती आलेली बरी आणि आर्थिक वर्ष संपताना तिजोरीत रोकड लागते. करोनाच्या काळात, जेव्हा लोकांचे रोजगार गेले होते, तेव्हा अशी सवलत देणे हे शहाणपणाचेही होते आणि माणुसकीचेही. आक्षेप आहे तो तिच्या सवयीला. सोपा हिशेब करू. एखाद्याने एक लाखाचा कर तीन वर्षे थकवला, तर शास्ती ७२ हजार होते. अभय योजनेत ७५ टक्के शास्ती माफ झाली की त्याला १८ हजार भरावे लागतात, म्हणजे वर्षाला ६ टक्के. एवढ्या स्वस्त दराने, तारण न देता, कागदपत्रांशिवाय आणि जामीनदाराविना कर्ज देणारी दुसरी संस्था या जिल्ह्यात मला तरी माहीत नाही. जिथे शास्ती शंभर टक्के माफ होते तिथे तर हे बिनव्याजी कर्जच झाले.

याच्या तुलनेत वेळेवर भरणाऱ्याला काय मिळते? वर्षाच्या सुरुवातीला दोन्ही सहामाहींचा कर एकरकमी भरला तर ठाण्यात १० टक्के सवलत मिळते, पण ती बिलाचा एक भाग असलेल्या सामान्य करावर, संपूर्ण बिलावर नव्हे. बिल २० हजारांचे आणि त्यात सामान्य कर ८ हजारांचा धरला, तर सवलत फार तर ८०० रुपये. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत एका सभासदाने, पेशाने ते सनदी लेखापाल आहेत, हाच हिशेब फळ्यावर मांडून विचारले होते की आपण सर्व जण वेळेवर कर का भरतो? सभेत हशा झाला, पण उत्तर कोणी दिले नाही. मोठ्या व्यापारी मालमत्तांचे मालक हा हिशेब फळ्यावर मांडत नाहीत. ते तो करून मोकळे होतात.

माफीची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण तिच्याविरुद्ध बोलणे म्हणजे गरिबाविरुद्ध बोलणे असे समजले जाते. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी हे आश्वासन २०१७ च्या पालिका निवडणुकीत गाजले. मुंबईसाठी १ जानेवारी २०२२ रोजी घोषणा झाली, ठाण्यात अशा निवासी सदनिकांचा सामान्य कर माफ झाला आणि बिलातील बाकीचे कर राहिले. नवी मुंबईच्या महासभेने २०१९ मध्येच असा ठराव केला होता, पण शासनाच्या मान्यतेविना तो पडून राहिला. एकाच वस्तीत वाढलेले दोन भाऊ, एक ठाण्याच्या हद्दीतील विटाव्यात आणि दुसरा नवी मुंबईच्या हद्दीतील दिघ्यात राहायला गेला, तर एकाला माफी आणि दुसऱ्याला नाही, याचे समर्थन कोणत्या तत्त्वाने करायचे ते मला समजलेले नाही. लहान घरात राहणाऱ्याला दिलासा मिळावा याला माझा विरोध नाही. परंतु घराचे क्षेत्रफळ ही ऐपतीची कच्ची मोजपट्टी आहे. नौपाड्यातील ४८० चौरस फुटांचे घर आणि दिव्यातील ४८० चौरस फुटांचे घर यांच्या बाजारभावात किती अंतर आहे हे दलालाला विचारावे. शिवाय घोषणा राज्यात होते आणि घट शहराच्या तिजोरीत पडते. त्या घटीची भरपाई कोण करणार, हे घोषणेच्या व्यासपीठावरून सहसा सांगितले जात नाही. ज्याला उदार व्हायचे आहे त्याने स्वतःच्या खिशातून व्हावे, इतकी साधी अपेक्षा आहे.

दरवर्षी अंदाजपत्रकाच्या बातमीत ‘करवाढ नाही’ हे शब्द ठळक अक्षरात येतात आणि लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे बाजारभावाशी जोडलेल्या किमतीवर, आधारित करपद्धती स्वीकारली. ठाणे आणि नवी मुंबईत अजून भाड्यावर आधारित करयोग्य मूल्याचीच पद्धत आहे. जुन्या इमारतीचे करयोग्य मूल्य बहुधा जिथे ठरले तिथेच राहते आणि नव्या इमारतीला नवा दर लागतो. त्यामुळे घोडबंदर रोडला कर्ज काढून घर घेतलेले तरुण जोडपे, स्टेशनजवळ मोक्याच्या जागी असलेल्या जुन्या दुकानापेक्षा चौरस फुटाला अधिक कर भरते, असे सहज घडू शकते. दर न वाढवणे म्हणजे सर्वांना सारखे वागवणे, असे या परिस्थितीत म्हणता येत नाही. पण हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

हे सर्व विचारायचे कोणी, हा प्रश्न गेली काही वर्षे अधांतरी होता. नवी मुंबईत निवडून आलेल्या सदस्यांची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्यात मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर दोन्हीकडे प्रशासक आले. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे संविधानाचे अनुच्छेद २४३ यू सांगत असताना नवी मुंबईने साडेपाच वर्षांहून अधिक काळ नगरसेवकांशिवाय काढला. कायद्याची रचना अशी आहे की आयुक्तांनी अंदाज मांडावा, सोळा सदस्यांच्या स्थायी समितीने तो तपासावा, महासभेने कराचे दर २० फेब्रुवारीपूर्वी ठरवावेत, अंदाजपत्रक ३१ मार्चपूर्वी मंजूर करावे आणि मुख्य लेखापरीक्षकाने आपले आक्षेप स्थायी समितीपुढे ठेवावेत. प्रशासकाच्या काळात मांडणारा तोच, तपासणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. व्यक्ती सचोटीची असली तरी ही रचना हिशेबाला पोषक नाही. स्थायी समितीत पूर्वी काय चालत असे याविषयी ठाणेकरांना कोणताही भ्रम नाही, तिथल्या गैरव्यवहारांची चौकशी करणाऱ्या नंदलाल समितीचे नाव अजूनही जुन्या पत्रकारांच्या तोंडी येते. तरीही चार विरोधकांनी दोन अवघड प्रश्न विचारण्याची जागा तरी तिथे होती.

१५ जानेवारी २०२६ च्या मतदानानंतर ही सभागृहे पुन्हा भरली आहेत. नव्या नगरसेवकांना प्रभागनिधी हवा असेल, उद्यानाला कमान हवी असेल, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्यांनी पहिल्याच वर्षी प्रशासनाकडे थकबाकीची फोड मागितली पाहिजे : मूळ कर किती, शास्ती किती, न्यायप्रविष्ट किती, सरकारी मालमत्तांची किती, पाच वर्षांहून जुनी किती आणि दुबार किंवा पाडलेल्या मालमत्तांची किती. ही माहिती संगणकात आहे. ती काढायला समिती नेमावी लागत नाही. राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमावलीने २००४ मध्येच सांगून ठेवले आहे की कराची येणी जसजशी जुनी होतील तसतशी ती बुडीत धरून वाढती तरतूद करावी. ती तरतूद प्रामाणिकपणे केली तर थकबाकीचा आकडा एका रात्रीत बराच खाली येईल, वर्तमानपत्रांचा मथळा जाईल आणि जी खरोखर वसूल होण्यासारखी रक्कम आहे तिच्यामागे मनुष्यबळ लावता येईल. दुबार नोंद रद्द करणाऱ्या लिपिकाला वरून विचारणा होण्याऐवजी त्याने वर्षात किती नोंदी स्वच्छ केल्या याची नोंद त्याच्या गोपनीय अहवालात व्हावी.

थकबाकीची यादी जशी संकेतस्थळावर टाकण्याची भाषा होते, तशीच ठेकेदारांच्या प्रलंबित देयकांची यादीही, काम, रक्कम आणि तारखेसह, टाकली गेली पाहिजे. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की कोणत्या वर्षी कोणत्या अपेक्षित पैशावर कोणते काम मंजूर झाले, हे शाळेत गणित शिकलेल्या कोणालाही कळेल. अभय योजनेबाबत महासभेने ठराव करून ठेवावा की ती नैसर्गिक आपत्ती किंवा महामारीखेरीज येणार नाही आणि आलीच तर यापूर्वी लाभ घेतलेल्या मालमत्तेला पुन्हा मिळणार नाही.

अंदाजपत्रकाच्या पुस्तिकेत प्रत्येक लेखाशीर्षापुढे मागील वर्षाची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे स्तंभ असतात. मालमत्ता कराच्या ओळीवर पट्टी ठेवावी, मागील तीन वर्षांची प्रत्यक्ष जमा लिहून तिची सरासरी काढावी आणि पुढील वर्षाचा अंदाज त्या सरासरीच्या किती वर आहे ते पाहावे. अंतर अवाजवी असेल, तर वाढीव रकमेवर बसवलेली कामे कोणती, एवढेच सभागृहात उभे राहून विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.